आईच्या ओव्यांचे पुस्तक: फोनमधल्या आवाजापासून राष्ट्रीय ग्रंथालयापर्यंत

नोव्हेंबर २०२३ मध्ये माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांचे ११२ पानांचे पुस्तक आम्ही घरच्या घरी प्रकाशित केले. आमच्या घरात त्यापूर्वी कोणी पुस्तक काढलेले नव्हते आणि छापखान्याशी माझा संबंध लग्नपत्रिकांपुरताच आलेला होता. कामाला लागल्यावर जे प्रश्न पडले त्यांची उत्तरे निरनिराळ्या माणसांकडून, तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली. आईच्या, आजीच्या, मावशीच्या ओव्यांची वही किंवा नुसत्या आठवणी ज्यांच्या घरी आहेत, त्यांना ती एका ठिकाणी सापडावीत म्हणून हा सगळा क्रम तारखांसह आणि खर्चासह लिहिते आहे.

सुरुवात जून २०२२ मधली. आईला तेव्हा ८१ वर्षे पूर्ण झाली होती. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी अंगणात पडून तिचा खुबा मोडला, साताऱ्याला शस्त्रक्रिया झाली आणि ती माझ्याकडे राहायला आली. शस्त्रक्रिया नीट झाली होती, व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येत होत्या, वॉकर धरून चार पावले टाकता येत होती. पण जन्मभर पहाटे उठून कामाला लागलेल्या बाईला दिवसभर पलंगावर बसून करायचे काय, हेच उमजेना. जेवण कमी झाले, बोलणे त्याहून कमी झाले. कीर्तन लावून दिले तरी ती डोळे मिटून घेई. मला तिच्या खुब्यापेक्षा तिच्या गप्प राहण्याची धास्ती वाटू लागली होती.

वॉकरवर भार पेलायचा तर हातांत ताकद हवी, म्हणून व्यायामात दंड गोल फिरवण्याचा एक प्रकार होता. ऑगस्टमधल्या एका सकाळी उजवा हात असा फिरवत असताना आईच्या तोंडून ओवी निघाली. एक संपली तशी दुसरी आली. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असे आपण सहज म्हणतो. इथे जाते नव्हते, दळण नव्हते, नुसता हात फिरत होता, आणि तेवढ्याने तिला भावावरची, पंढरीची, सीतेच्या वनवासाची अशा ओव्या एकामागून एक आठवत गेल्या. लहानपणी झोपेत त्या माझ्या कानांवर पडलेल्या होत्या. गावात पिठाची गिरणी आली आणि पुढे त्या ऐकू येईनाशा झाल्या. त्याच दिवशी संध्याकाळी मी फोनवरचे ध्वनिमुद्रण सुरू करून तो तिच्या उशीशी ठेवला.

ऑगस्ट ते डिसेंबर २०२२ हे महिने ऐकण्याचे आणि टिपण्याचे गेले. आईला थांबवून, "परत सांग, लिहून घेते," असे म्हटले की ओवी तुटायची आणि मग काही केल्या जुळायची नाही. म्हणून गाणे चालू असताना मध्ये बोलायचे नाही, प्रश्न सगळे नंतर विचारायचे, असे ठरवले. फोन हातात न धरता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा, पंखा बंद करावा आणि प्रत्येक ध्वनिफितीला तारीख व ओवीचे पहिले दोन शब्द असे नाव त्याच दिवशी द्यावे. नाव देणे लांबणीवर टाकले तर महिन्याभराने कोणती ओवी कुठे आहे हे शोधताना दिवस जातात. सगळ्या ध्वनिफितींची एक प्रत मी पेनड्राइव्हवर आणि एक भाच्याच्या संगणकावर ठेवत गेले. एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाऊ दिले नाही, कारण तिला दम लागायचा.

रात्री जेवणानंतर सकाळचे ध्वनिमुद्रण आम्ही दोघी ऐकायचो. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकण्याचा तिला आधी संकोच वाटला, पण पुढे ती बारकाईने ऐकू लागली. "थांब, ही तशी न्हाई. ह्यात बंधु यायला पायजे, दीर कसा आला?" असे म्हणून ती स्वतःच दुरुस्ती करायची आणि त्या दुरुस्तीच्या ओघात तिसरीच ओवी निघायची. मी वहीत डावीकडच्या पानावर ओवी आणि उजवीकडे तिचे बोलणे लिहीत गेले. ही उजवीकडची पानेच पुढे पुस्तकातल्या टिपा झाल्या, त्यामुळे अशी वही करणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन की गाणाऱ्या बाईचे गाण्याविषयीचे बोलणेही टिपून घ्यावे. दिवाळीपर्यंत आई सकाळी चहाच्या आधीच, आज कोणत्या घ्यायच्या, असे विचारू लागली होती. फिजिओथेरपीही तिने नेमाने केली. दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेले काम माणसाला किती उभारी देते, हे मी त्या महिन्यांत रोज पाहिले, आणि निवृत्तीनंतर आलेली माझी स्वतःची मरगळही त्यातच गेली.

याच काळात भाच्याने 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह दाखवला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ मूळ आवाजात ऐकता येतात. आम्ही त्या ऐकत बसलो तेव्हा आईने कितीतरी ओव्या ओळखल्या. कुठे गावाचे नाव वेगळे, कुठे भावाच्या जागी मामा, कुठे शेवटचा शब्द बदललेला. पण चाल आणि बांधणी तीच. आपल्या ओव्या मुळशीतल्या किंवा मराठवाड्यातल्या बाईलाही ठाऊक आहेत, याचा तिला आनंद झाला, आणि मला एका महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. या ओव्यांची 'लेखिका' आई नाही आणि मी तर नाहीच. शीर्षकपानावर आईच्या नावाआधी 'गायन' आणि माझ्या नावाआधी 'संकलन व टिपा' असे छापायचे, हे तिथे नक्की झाले. पुढे आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाच्या, अर्जात कोणाची भूमिका काय, हे लिहिताना या निर्णयाचा फार उपयोग झाला.

जानेवारी २०२३ मध्ये आई वॉकर सोडून काठीवर आली होती. संक्रांतीनंतर आम्ही गाडी करून गावी गेलो, कारण काही ओव्यांच्या दुसऱ्या ओळी तिला आठवत नव्हत्या आणि त्या कोणाला येत असतील हे तिला पक्के माहीत होते. तिच्या बरोबरीच्या तिघी शेजारणी अजून होत्या. त्यांच्या ओव्या घेताना मी प्रत्येकीला आधी सांगितले की हे पुस्तकात छापणार आहे, नाव घालू का, आणि चालत असेल तर साध्या कागदावर सही किंवा अंगठा द्या. लोकगीतावर कोणा एकीचा कायदेशीर हक्क नसतो, त्यामुळे तुमचा मालकीहक्क म्हणून नव्हे, तर तुमचे नाव तुमच्या परवानगीने छापले जावे म्हणून हा कागद, असे समजावून सांगितले. एकीने सही करता करता हात थांबवला आणि विचारले, "माझं म्हायेरचं नाव छापशीला का? ह्या वव्या मी तिथनं आणल्यात." तिचे नाव पुस्तकात माहेरच्या आडनावाने आणि माहेरच्या गावासह आहे. मग बाकीच्या दोघींनीही तेच मागितले, आणि घरी येताना गाडीत आईनेही.

फेब्रुवारी ते मे हा काळ टंकलेखनाचा. मी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या पद्धतीने टंकले. दोन आठवडे बोटे अडखळतात, नंतर वेग येतो. छापखान्यांत अजूनही बऱ्याच ठिकाणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम चालते आणि आपला मजकूर तिकडे बदलून घेताना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ऱ्हस्व' अशा शब्दांतला ऱ फुटतो. म्हणून मांडणी करणाऱ्याकडे काम देण्याआधी असे दहा-बारा शब्द असलेले एक पान त्याच्याकडून मांडून, कागदावर छापून पाहावे. पडद्यावर बरोबर दिसणारे अक्षर कागदावर तसेच येईल याची खात्री नसते.

खरा विचार करावा लागला तो शुद्धलेखनाचा. आई 'ईठ्ठल' म्हणते, 'सीता सावितरी' म्हणते, 'पान्याला' म्हणते. ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मुद्रितशोधनाचे काम १५०० रुपयांत घेतले होते आणि पहिल्या प्रुफावर त्यांनी हे सगळे लाल शाईने प्रमाण करून दिले. आम्ही समोरासमोर बसलो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली भर, अशी १८ नियमांची पुस्तिका त्यांनी काढली. तिच्यात वृत्ताची गरज असेल तिथे कवीला ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे आणि जुन्या काव्यातले उतारे मुळानुसार छापावेत असेही सांगितले आहे. शब्द बदलला की ओवीतली मात्रा कमी पडते आणि जात्याचा फेरा पुरा होत नाही, हे मी त्यांना आईचा आवाज लावून ऐकवले. त्यांनी ऐकले, पुन्हा लावायला सांगितले, आणि मग ओव्या उच्चाराप्रमाणे व टिपा प्रमाण भाषेत असा निर्णय आम्ही मिळून घेतला. त्यांच्यासारखा काटेकोर माणूस मिळाला म्हणूनच पुढे बोलीतला प्रत्येक शब्द सगळीकडे एकसारखा छापला गेला. 'पान्याला' एका पानावर आणि 'पाण्याला' दुसऱ्या पानावर असे कुठे झाले नाही.

'गं बाई', 'माझ्या बाई' असे जे शब्द गाताना मध्ये येतात, त्यांचे काय करायचे हाही प्रश्न होता. प्रत्येक ओळीत छापले तर वाचणारा थकतो, सगळे काढले तर गाणे उरत नाही. प्रत्येक विभागातली पहिली ओवी जशी गायली तशी, मधल्या शब्दांसह आणि थांब्यांसह, छापली आणि बाकीच्या दोन ओळींच्या सुटसुटीत रूपात ठेवल्या. पहिली ओवी देवाला वाहण्याची रीत आहे, त्यामुळे विभागांच्या सुरुवातीला ती लांब, पूर्ण रूपातली ओवी शोभूनही दिसते.

जूनमध्ये मांडणी सुरू झाली. मांडणी करणाऱ्या ताई घरून काम करतात. टंकलेला मजकूर दिला तर पानाला २५ रुपये असा दर होता, म्हणजे ११२ पानांचे २८०० रुपये. पाने ११२ च का, तर डेमी आकारात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांत, एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा एक फर्मा धरतात आणि सात फर्म्यांची ११२ पाने होतात. मजकूर ११४ पानांवर गेला तर दोन पानांसाठी जास्तीचा कागद आणि कोरी पाने पदरात पडतात. ताईंनी हे पहिल्याच भेटीत समजावले आणि त्याप्रमाणे आम्ही टिपा आवरत्या घेतल्या. मुखपृष्ठासाठी गावच्या घरातल्या जात्याचे छायाचित्र वापरले; त्याची सजावट दोन हजार रुपयांत झाली. कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या बांधलेल्या कडेची, जाडी कागदावर अवलंबून असते, म्हणून कागद ठरल्याशिवाय मुखपृष्ठ अंतिम करू नये.

ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या आठवड्यात आयएसबीएनसाठी अर्ज केला. भारतात हे क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, ही संस्था केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो आणि क्रमांक विनामूल्य मिळतो. हे ठळकपणे सांगते, कारण हा क्रमांक मिळवून देण्याचे दोन-तीन हजार रुपये मागणारे मला भेटले होते. प्रकाशनसंस्था नसलेली व्यक्तीही स्वतःच्या पुस्तकासाठी स्वतः अर्ज करू शकते. माझ्याकडून ओळखपत्राची साक्षांकित प्रत, शीर्षकपान आणि मुखपृष्ठाचा मसुदा, पुस्तकाची भाषा, विषय, पाने, किंमत आणि प्रकाशनाचा अपेक्षित महिना एवढी माहिती लागली. शीर्षकपानावरचे नाव, अर्जातले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः एकच असावे. माझे एका कागदावर लग्नाआधीचे आणि दुसऱ्यावर लग्नानंतरचे नाव आहे, म्हणून अर्जाआधीच मी कोणते वापरायचे ते ठरवून घेतले.

मग थांबणे आले. अर्ज गेल्यावर स्थिती पाहायची, ई-मेल उघडायची, पुन्हा स्थिती पाहायची, असे ते दिवस गेले. छापखान्याची तारीख क्रमांक हाती आल्याशिवाय घेऊ नये, असे ताईंनी बजावले होते आणि ते मी पाळले, त्यामुळे वाट पाहताना पैशाचा ताण नव्हता. आई मात्र रोज विचारायची आणि मी अजून नाही म्हटले की, "यील, यील," असे म्हणून पाळणागीतांच्या आठवणीत गढून जायची. तिचा तो भरवसा माझ्या फार कामी आला. सप्टेंबरच्या शेवटी, गणपती गेले त्याच आठवड्यात, क्रमांक आला.

क्रमांक १३ अंकी असतो. सुरुवातीला ९७८, मग भारतासाठीचे ८१ किंवा ९३, पुढे प्रकाशकाचे आणि पुस्तकाचे अंक, आणि शेवटचा एक अंक तपासणीचा. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची. तिच्यात तेरावा अंक मिळवला की एकूण बेरजेला १० ने नि:शेष भाग जायला हवा. सहकारी बँकेच्या लेखा विभागात माझी नोकरी झाली असल्यामुळे मी कागद-पेन्सिल घेऊन हे करून पाहिले. मुखपृष्ठावर क्रमांक चढवताना एखादा अंक इकडचा तिकडे झाला तर तो याच पडताळणीत सापडतो, म्हणून अंतिम प्रुफावर हा हिशेब प्रत्येकाने करावा. आयएसबीएन म्हणजे स्वामित्वहक्काची नोंदणी नव्हे, हेही लक्षात ठेवावे. स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यानुसार लेखन होताच आपोआप मिळतो, त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. आमच्या बाबतीत तो माझ्या टिपांपुरता होता आणि मी नोंदणी केली नाही.

श्रेयपानावर प्रकाशकाचे नाव व ठिकाण, मुद्रकाचे नाव व ठिकाण, आवृत्ती, प्रकाशनाची तारीख, किंमत आणि आयएसबीएन एवढे आले. प्रकाशक व मुद्रकाची नावे आणि ठिकाणे देणे त्या वेळी लागू असलेल्या १८६७ च्या कायद्याने आवश्यक होते. 'प्रकाशक' या शब्दापुढे माझे नाव पाहून मला थोडे दडपण आले, हे खरे आहे.

छपाईची दरपत्रके पुण्यातून दोन आणि साताऱ्यातून एक अशी मागवली. ऑफसेटवर ५०० प्रती प्रतीमागे ५८ रुपयांप्रमाणे २९ हजारांना पडत होत्या. डिजिटल छपाईत २०० प्रती प्रतीमागे ९२ रुपयांप्रमाणे १८,४०० रुपयांना. प्रतीमागचा दर पाहून ५०० कडे ओढा वाटतो, आणि सगळे तेच सुचवतात. पण आमची नातेवाइकांची, गावाची, ओळखीच्या वाचनालयांची यादी दीडशेच्या वर जात नव्हती. पलंगाखाली गठ्ठे ठेवून दर दिवाळीला धूळ झटकण्यापेक्षा २०० प्रती घ्याव्यात आणि लागल्यास पुन्हा छापाव्यात, असे मला वाटले आणि तेच करावे असे मी कोणालाही सांगेन. कागद ७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचे माप), किंचित पिवळसर मॅपलिथो जातीचा घेतला. अगदी पांढऱ्या कागदावर आईच्या वयाच्या वाचकांचे डोळे लवकर थकतात. अक्षरही नेहमीपेक्षा मोठे ठेवले. अर्धी रक्कम आगाऊ आणि अर्धी प्रती मिळाल्यावर, असे लेखी ठरवून घेतले.

सगळा गठ्ठा छापण्याआधी एक बांधलेली नमुना प्रत मागून घ्यावी. ती दसऱ्याच्या सुमारास आली. आईने चष्मा लावून ती उघडली, बोटाने ओळ धरली आणि वाचता वाचता गुणगुणू लागली. पान उलटायच्या जागी ती अडली. ओवीची पहिली ओळ एका पानाच्या तळाशी आणि दुसरी मागच्या पानावर गेली होती. वाचणाऱ्याला ते कदाचित चालले असते, गाणारीला चालणारे नव्हते. ताईंनी पूर्ण पुस्तकात अशा जागा शोधून ओव्या सांधून घेतल्या, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पुस्तक ज्यांच्यासाठी आहे, त्यांतल्या एकाला नमुना प्रत मोठ्याने वाचायला लावावी.

दिवाळीनंतर प्रती आल्या आणि २३ नोव्हेंबर २०२३, कार्तिकी एकादशी, ही प्रकाशनाची तारीख धरली. समारंभ केला नाही. गावच्या विठ्ठल मंदिरात भजन होते, तिथे पहिली प्रत ठेवली आणि त्या तिघींना त्यांच्या प्रती दिल्या. माहेरचे नाव छापलेले पान एकीने नातवाकडून मोठ्याने वाचून घेतले.

यानंतरचे काम बहुतेक हौशी प्रकाशकांना ठाऊक नसते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार पुस्तक प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते: चेन्नईचे कॉनेमरा सार्वजनिक ग्रंथालय, मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. मुंबईचे ग्रंथालय टाउन हॉलच्या इमारतीत, एशियाटिक सोसायटीच्या शेजारी आहे. अनेकजण हे निव्वळ कर्तव्य समजून टाळतात. मला तो आमच्या पुस्तकाचा मान वाटला. खटाव तालुक्यातल्या चार बायकांच्या ओव्या अलीपूरच्या बेल्व्हेडिअर आवारात जपल्या जाणार, ही गोष्ट मी आईला समजावून सांगितली तेव्हा तिने कोलकाता किती लांब आहे ते विचारले.

चारही पाकिटांत एक साधे पत्र ठेवले: पुस्तकाचे नाव, आयएसबीएन, प्रकाशनाची तारीख, कोणत्या कायद्यान्वये पाठवत आहोत, आणि पोच द्यावी ही विनंती. आम्ही ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजिस्टर्ड बुक पोस्टाने पाठवली आणि एका प्रतीला तीस रुपयांच्या आत खर्च आला. आता पाठवणाऱ्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. ती स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे चार प्रतींच्या टपालासाठी अंदाजपत्रकात थोडी जास्त रक्कम धरावी. पावत्या जपून ठेवाव्यात. ३० दिवसांत पाठवल्याचा पुरावा तोच असतो.

एकूण खर्च मांडणी २८००, मुखपृष्ठ २०००, मुद्रितशोधन १५०० आणि छपाई १८,४००, म्हणजे २४,७०० रुपये. टपाल धरून तो पंचवीस हजारांच्या आत राहिला. पुस्तकाची किंमत १२० रुपये ठेवली. विकून खर्च निघावा अशी अपेक्षा नव्हती आणि तो पूर्ण निघालाही नाही. साधारण निम्मी रक्कम परत आली. जानेवारी २०२४ च्या संक्रांतीला मी आणि माझ्या जावेने हळदीकुंकवाचे वाण म्हणून हेच पुस्तक दिले. प्लास्टिकच्या डब्यांऐवजी ओव्या मिळाल्या म्हणून बायका तिथेच बसून वाचू लागल्या, आणि त्यांच्यातल्या तिघी-चौघींनी आपापल्या सासूच्या, आजीच्या ओव्या म्हणून दाखवल्या. मी फोन काढून, त्यांना विचारून, त्या टिपून घेतल्या.

तेव्हापासून कोरेगावहून, वाईहून, दहिवडीहून नव्या ओव्या आणि आमच्याच ओव्यांचे पाठभेद येत आहेत. आई आता घरात काठीशिवाय वावरते आणि पाळण्यांचा एक वेगळा विभाग झालाच पाहिजे असा तिचा हट्ट आहे. आहे तेच पुस्तक जसेच्या तसे पुन्हा छापले तर आयएसबीएन तोच चालतो. मजकुरात मोठी भर घातली तर ती सुधारित आवृत्ती ठरते आणि तिला नवा क्रमांक घ्यावा लागतो, ई-पुस्तक काढायचे तर त्यालाही वेगळा. आम्ही पाळणे आणि पाठभेद धरून १६० पानांची, म्हणजे दहा फर्म्यांची आवृत्ती आखली आहे. पाठभेद पाठवणाऱ्या प्रत्येकीला, नाव सासरचे छापायचे की माहेरचे, हे विचारणारी पत्रे गेली आहेत आणि उत्तरे आली की नव्या क्रमांकासाठी अर्ज भरायचा आहे.